आळशी नावाचा चपळ खेकडा

कोळणीच्या टोपलीपुढे उभे राहिले की आपला प्रश्न एकच असतो, भरलेली आहे ना? चिंबोरी किंवा कुर्ली म्हटले की आपले भागते. पण एकाच टोपलीत दोन-तीन जाती असतात आणि त्यांची नावे ठरवताना विद्वानांची अडीचशे वर्षे गेली आहेत. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. मी या गोष्टीकडे वळलो तो जुनी प्रवासवर्णने वाचता वाचता.

पोहणारा खेकडा ओळखणे सोपे आहे. त्याच्या पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते. मग पाठीच्या कवचाची कड पाहावी. डोळ्यापासून बाजूपर्यंत नऊ दाते आणि नववा लांब काट्यासारखा बाहेर आलेला असेल, तर तो बहुधा पोर्टुनस कुळातला. खाडीतल्या चिखलातल्या चिंबोरीलाही नऊच दाते असतात, पण तिचा नववा दाता असा लांबत नाही. पाठीवर क्रूसासारखी खूण असणाऱ्या खेकड्याला सहाच दाते असतात.

या पोर्टुनसांपैकी निळसर नराच्या एका खेकड्याला लिनियसने 1758 साली ‘पेलाजिकस’, म्हणजे खोल समुद्रातला, असे नाव दिले. प्रत्यक्षात तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, वाळूत आणि चिखलात राहतो. पुढे तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत जिथे जिथे असा खेकडा दिसला, तिथे तिथे हेच नाव चालत राहिले.

या गोष्टीतला दुसरा माणूस म्हणजे लिनियसचा शिष्य पेटर फोर्स्कोल. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी मोहीम काढली आणि जानेवारी 1761 मध्ये सहा जण कोपनहेगनहून निघाले. त्यांत एक भाषापंडित, एक वैद्य, एक चित्रकार, एक नोकर, नकाशे काढणारा कार्स्टन नीबूर आणि निसर्गअभ्यासक फोर्स्कोल असे होते. फोर्स्कोलने वाटेत वनस्पती गोळा केल्या, मासे झाडपाल्यासारखे कागदात दाबून वाळवले, प्राण्यांची वर्णने लिहून ठेवली. त्यांतच एका खेकड्याला त्याने ‘सेग्निस’ म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सुस्त, आळशी. वल्ह्यांनी सपासप पाणी कापणाऱ्या जिवाला हे नाव! पण हाच खेकडा वाळूत अंग पुरून, फक्त डोळे बाहेर ठेवून तासन्‌तास पडून राहतो, हेही खरे.

मे 1763 मध्ये भाषापंडित मोखा येथे वारला. 11 जुलैला येमेनमधल्या यरीम गावी फोर्स्कोल हिवतापाने गेला. तेव्हा तो अवघा 31 वर्षांचा होता. उरलेले चौघे मोखाहून जहाजाने मुंबईकडे निघाले. वाटेत एका दिवसाच्या अंतराने चित्रकार आणि नोकर दगावले. मुंबईला पोहोचले ते दोघेच, नीबूर आणि वैद्य क्रामर. फेब्रुवारी 1764 मध्ये क्रामरही मुंबईतच वारला. एकटा राहिलेला नीबूर डिसेंबरपर्यंत आपल्याकडे होता. घारापुरीच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने प्रसिद्ध आहेत. ती पाहताना मला नेहमी वाटते, हा माणूस शिल्पे मोजत होता तेव्हा त्याच्याबरोबर निघालेल्यांपैकी कोणीच उरले नव्हते.

1767 मध्ये नीबूर कोपनहेगनला परतला. मित्राचे काम त्याने टाकून दिले नाही. फोर्स्कोलची प्राणिवर्णने त्याने 1775 साली छापून आणली. मात्र ‘सेग्निस’ हे नाव फारसे कोणी उचलले नाही, ते ‘पेलाजिकस’खाली गाडले गेले.

ते वर आले 2010 साली. जोएल लाय, पीटर एन्‌जी आणि पीटर डेव्ही या तिघांनी ठिकठिकाणचे नमुने शेजारी शेजारी ठेवले. पाठीवरची व नांग्यांवरची नक्षी, नराचे जननांग आणि डीएनए या सगळ्यांचा मेळ घातल्यावर दिसले, की हा एक खेकडा नसून चार आहेत. आग्नेय आणि पूर्व आशियातला तो पेलाजिकस. ऑस्ट्रेलियाचा आर्माटस. हिंदी महासागराच्या पूर्व भागातला, बंगालच्या उपसागरात सापडणारा रेटिक्युलाटस. आणि पश्चिम हिंदी महासागर, इराणचे आखात व तांबडा समुद्र इथला तो सेग्निस. प्राणिशास्त्राचा नियम असा, की ज्याने आधी रीतसर नाव छापले त्याचे नाव चालते. म्हणून नवे नाव शोधावे लागले नाही. ते 235 वर्षे तयारच होते.

हा नुसता नावांचा खेळ आहे काय? सुएझ कालवा 1869 साली खुला झाला आणि त्यातून सेग्निस भूमध्य समुद्रात शिरला. अलीकडे ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर तो इतका माजला, की जाळी फाडणाऱ्या या पाहुण्याला तिथल्या मच्छीमारांनी ‘दाएश’ या दहशतवादी संघटनेचे नाव दिले. पुढे तोच निर्यातीचा माल झाला. पाहुणा कुठून आला, त्याचा विणीचा हंगाम कोणता, किती लहान खेकडा सोडून द्यावा, हे ठरवायचे तर आधी तो कोण हे कळावे लागते. चार जातींची आकडेवारी एका नावाखाली मांडली, तर एखादी जात घटत असली तरी कागदावर ते दिसणारच नाही.

पुढच्या वेळी बाजारात खेकडा घ्याल तेव्हा भरलेला आहे का ते जरूर पाहा. पण दोरा सोडण्याआधी कवचाच्या कडेचे दातेही मोजा. यरीमला मातीआड झालेल्या त्या तरुणानेही असेच कोणाच्या तरी टोपलीत डोकावून पाहिले असेल.