भेगेआधीची तारीख

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे आणि त्याच आवारालगत हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. यांतल्या कुठल्याही ठिकाणी विमान ओव्हरहॉलला आले की ते आधी सुटे केले जाते, भागांवरचा रंग उतरवला जातो आणि मग भेगांचा शोध सुरू होतो. पोलादी भागाला चुंबकीय कणांची चाचणी, अॅल्युमिनियमला झिरपणारा रंग, आत दडलेल्या दोषाला अल्ट्रासॉनिक किंवा एडी करंट. यातली झिरपत्या रंगाची ‘डीपी टेस्ट’ नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या छोट्या कारखान्यांतही रोजची आहे. त्यामुळे सक्तीच्या तपासणीची कुळकथा म्हणजे या उपकरणांची कुळकथा, असा समज सहज होतो. मला तो मान्य नाही. भेग दिसावी यासाठीची युक्ती जुनी आहे आणि स्वस्तही. उशिरा सुचलेली आणि पुष्कळ माणसांचे जीव गेल्यावर पदरात पडलेली गोष्ट निराळी आहे: भेग असो वा नसो, अमुक तास भरले की हा भाग उघडायचाच, ही मुदत.

जुनेपणाचा पुरावा रेल्वेत सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या कार्यशाळांत संशयित भाग तेलात भिजवत, कोरडा पुसत आणि त्यावर खडूच्या पुडीचा पांढरा हात फिरवत. भेगेत शिरलेले तेल थोड्या वेळाने बाहेर झिरपे आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटे. आजची डीपी टेस्ट तत्त्वाने हीच आहे. मुदतीची कल्पना तर त्याहून आधी, घोड्यांच्या टपालगाड्यांवर एकदा डोकावून गेली होती. फ्रान्समध्ये १८५० च्या सुमारास या गाड्यांचे आस साठ-सत्तर हजार किलोमीटर धावले की बदलावेत किंवा कसून तपासावेत, अशी शिफारस त्या गाड्या सांभाळणाऱ्या अभियंत्यांनी केली होती. आसाची जाडी जिथे एकदम बदलते तिथेच भेग पडते, हेही त्यांच्या लक्षात आले होते. त्याच देशात ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसे जळून मेली. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे आस फिरवून दाखवून दिले, की एकदाच दिला तर सहज पेलेल असा भार लाखो वेळा आला की पोलाद शिणून तुटते. पण टपालगाडीवाल्यांची ती सूचना अनुभवाची होती, हिशेबाची नव्हती. साठ हजारच का, चाळीस का नाही, याला उत्तर नव्हते. ते मिळायला आणखी शंभरेक वर्षे गेली.

इथे एक आक्षेप येईल. रेल्वेचा आस जाडजूड पोलादाचा, त्याला तेल-खडू पुरेल. विमानाचा पातळ अॅल्युमिनियम भाग चुंबकालाही दाद देत नाही, मग नव्या साधनावाचून सक्ती आली असती कशी? आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेतल्या स्विट्झर बंधूंनी अतिनील प्रकाशात चमकणारा झिरपता रंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांपर्यंत पोचवला आणि अॅल्युमिनियमची अडचण बरीच सुटली. पण त्यानंतर काय झाले ते पाहावे. २९ ऑगस्ट १९४८ रोजी अमेरिकेत विनोनाजवळ मार्टिन २-०-२ जातीच्या प्रवासी विमानाचा पंख भेगेमुळे निखळला. जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये दोन कॉमेट जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. साधन हाताशी होते. ते कुठे आणि केव्हा लावायचे हे कोणी ठरवले नव्हते, कारण भेग पडेल असे कोणी धरलेच नव्हते. कॉमेटच्या केबिनचा नमुना ते बनवणाऱ्या कंपनीने १६ हजारांहून जास्त वेळा दाब देऊन पाहिला होता. प्रत्यक्षात पहिले विमान १,२९० उड्डाणांनंतर फुटले, दुसरे सुमारे ९०० नंतर. नमुन्याला आधी एकदा जास्त दाब दिलेला होता. त्याने ताण साठणाऱ्या जागा किंचित ताणल्या जाऊन उलट टिकाऊ झाल्या आणि चाचणी खोटे आश्वासन देऊन गेली. त्याआधी मे १९५३ मध्ये कलकत्त्याजवळ एक कॉमेट पडले होते. त्याचे खापर वादळावर फुटले आणि विषय मिटला.

कॉमेटपासून घेतलेला पहिला धडा अर्धाच होता. प्रत्येक भागाचे आयुष्य चाचणीने ठरवा, त्याला भरपूर कात्री लावा, आणि तेवढे तास भरले की भाग फेकून द्या. सोव्हिएत कारखाने याच वाटेने गेले, आणि ओझरला ही वाट मिगबरोबर आली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना आणि नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले असताना मिग-२१ चा सांगाडा बांधण्याचा कारखाना इथे आला. इंजिने कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. विमानासोबत त्याच्या भागांच्या आयुष्याची कागदपत्रे आली: इतके तास, इतकी उतरणी किंवा इतकी वर्षे, जे आधी भरेल ते. पद्धत शिस्तीची होती, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक गृहीत लपलेले होते: भाग नवा असताना निर्दोष असतो. २२ डिसेंबर १९६९ रोजी नेवाडात अमेरिकी हवाई दलाच्या एफ-१११ चा पंख तुटला, तेव्हा ते विमान जेमतेम शंभर तास उडालेले होते. पंखाच्या बिजागरीच्या पोलादी भागात घडणीच्या वेळचीच भेग होती. ती तपासणीतून सुटून विमानात बसली होती. आयुष्याच्या हिशेबात अशा भागाला जागाच नव्हती. म्हणून हिशेब उलटा मांडावा लागला. भेग पहिल्या दिवसापासून आहे असेच धरा, आणि ती दिसण्याइतकी मोठी व्हायला किती उड्डाणे लागतात व जीवघेणी व्हायला किती, ते काढा. या दोहोंच्या मधल्या काळात एकदा चुकली तरी दुसऱ्यांदा सापडेल अशा बेताने तपासण्या बसवा. हे गणित करता येते ते पॉल पॅरिस यांच्या भेग वाढण्याच्या सूत्रामुळे. मोठ्या नियतकालिकांनी त्यांचा लेख नाकारला होता, म्हणून १९६१ साली तो एका विद्यापीठाच्या अंकात छापून आला. अमेरिकी हवाई दलाने १९७४ मध्ये ही पद्धत नियमात आणली, प्रवासी विमानांना ती १९७८ मध्ये लागू झाली. सक्तीच्या तपासणीचा खरा जन्म मी इथे मानतो. तोवर तपासणी म्हणजे संशयाचे निवारण होते. इथून पुढे संशय नसतानाही ती करायची झाली.

भाग वेळेत फेकला तर हा सगळा उपद्व्याप हवा कशाला, असे अजूनही विचारले जाते. ग्लायडरचे उदाहरण याचे सर्वांत स्वच्छ उत्तर देते. चेकोस्लोव्हाकियात १९५६ साली उडालेले धातूचे एल-१३ ब्लानिक जगभरच्या क्लबांत शिकाऊ वैमानिकांचे पहिले ग्लायडर झाले. इंजिन नाही, कंप नाही, तेव्हा त्याला शीण कसला, असे वरवर वाटावे. पण शिकाऊ माणसाचे आदळते उतरणे, विंचने ओढून घेतलेले उड्डाण आणि हवेतल्या कसरती या प्रत्येकात पंखाच्या मुळाशी ताण येतो आणि उतरतो. १२ जून २०१० रोजी ऑस्ट्रियात एका ब्लानिकचा उजवा पंख हवेतच निखळला. मुख्य आडव्या कण्याला शिणाची भेग गेली होती. युरोपीय नियामकाने आधी सगळ्या ब्लानिकांचा कणा मुळाशी तपासण्याचा आदेश काढला, आणि काही आठवड्यांतच ती तपासणी अपुरी ठरवून उड्डाणेच थांबवली. निव्वळ तास मोजून भागत नव्हते. त्या तासांत कसरती किती आणि सरळ घिरट्या किती, याचा तपशील लॉगबुकात असेल तरच आयुष्याच्या आकड्याला अर्थ. क्लबची लॉगबुके इतकी बोलकी क्वचितच असतात. भेग मात्र झालेला सगळा वापर आपल्या लांबीत नोंदवून ठेवते, म्हणून फेकण्याच्या तारखेपेक्षा उघडून पाहण्याची तारीख जास्त भरवशाची. विमान ज्या देशात रचले गेले तिथल्या नियामकाचा असा आदेश भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार बंधनकारक ठरतो, मग विमान बोइंग असो की पुण्याच्या हडपसर केंद्रातले ग्लायडर. ज्या ग्लायडरची बाजारातली किंमत तपासणीच्या खर्चाहून कमी आहे, त्याला असा आदेश म्हणजे मृत्युपत्रच, ही क्लबांची तक्रार खरी आहे. तो खर्च कोणी उचलायचा यावर भांडावे, आदेशावर नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तपासणी केली आणि भेग निसटली तर? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० विमान कोसळले, शंभराहून अधिक प्रवासी मेले. इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियम चकती फुटली होती. ती अपघाताच्या वर्षभर आधी याच झिरपत्या रंगाच्या चाचणीतून पार झाली होती, आणि तेव्हा भेग दिसण्याइतकी होती असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तपासणाऱ्याचे डोळे, उजेड, पाळीचा शेवटचा तास, आधी धुतलेल्या भागावर राहिलेली पूड, यांतले काहीही भेग झाकू शकते. पण या अपघाताने माझ्या म्हणण्याला तडा जात नाही, उलट जोर मिळतो. एका तपासणीवर भिस्त ठेवायची नाही म्हणून तर मुदत आखून दोन संधी ठेवायच्या. वर्षभर आधीच्या त्या तपासणीनंतर सू सिटीच्या चकतीला दुसरी संधी मिळाली नाही. तिचे आयुष्य जुन्या पद्धतीने, ती निर्दोष जन्मली असे धरून ठरवलेले होते. टायटॅनियम वितळवतानाचाच दोष तिच्या पोटात होता.

ओझरला आता हे गणित पुन्हा मांडावे लागणार आहे. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. ऑक्टोबरमध्ये इथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. त्याच्या सांगाड्यात वजनाने जवळपास निम्मे कार्बन तंतूंचे मिश्रद्रव्य आहे. या पदार्थात भेग अॅल्युमिनियमसारखी पृष्ठभागावरून हळूहळू वाढत जात नाही. हातातून अवजार पडले तरी आतले थर सुटतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहतो. झिरपता रंग इथे जवळपास निरुपयोगी, मुख्यतः अल्ट्रासॉनिक कामाला येते, आणि पॅरिस यांच्या सूत्रासारखा सरळ हिशेबही हाताशी नाही. या वाटेवर विमानांच्या आधी ग्लायडर गेले. १९५७ साली स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचे फीनिक्स हे काचतंतूंचे पहिले ग्लायडर उडाले, आणि त्या जातीच्या जर्मन ग्लायडरांना पुढे टप्प्याटप्प्याची मुदत लागली. आधी ३,००० तास; ते भरले की ठरवून दिलेल्या यादीप्रमाणे संपूर्ण तपासणी; उत्तीर्ण झाले तर आणखी ३,०००; मग पुन्हा तीच यादी. सूत्र नव्हते तेव्हा टपालगाडीवाल्यांनी जे केले होते तेच हे, फक्त आता प्रत्येक टप्प्याची नोंद सगळ्या ग्लायडरांकडून कारखान्याकडे परत येते आणि पुढचा टप्पा तिच्यावर ठरतो.