फायबर होडी : बांध्याची हानी व दुरुस्ती

फायबर होडी : काचतंतूंच्या मॅट व कापडाचे थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून, साच्यात एकावर एक बसवून घडवलेली होडी. बाहेरचा चकचकीत लेप (जेलकोट) तिला पाण्यापासून व उन्हापासून जपतो. भार मात्र आतले काचेचे थर, तळाचा कणा, आडव्या-उभ्या फासळ्या आणि इंजिन पेलणारी मागची फळी यांच्यावर असतो. यांपैकी एखादा भाग तडकला, सुटला किंवा कुजला, तर ती बांध्याची हानी. जेलकोटपुरता ओरखडा तिच्यात मोडत नाही.

कृष्णा-कोयना खोऱ्यातील महत्त्व : सातारा जिल्ह्यातील मलकापूर हे कराडला लागून असलेले कोयनाकाठचे शहर. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते आणि तो प्रवाह पुढे सांगली जिल्ह्यात उतरतो. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत या पट्ट्यातील माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली. 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पूरग्रस्तांनी भरलेली होडी उलटून अनेकांचा मृत्यू झाला. पुरासाठी राखलेली होडी बराच काळ उन्हापावसात पडून राहते आणि एका दिवसात तिच्यावर कित्येक जिवांचा भार येतो. त्यामुळे तिची तपासणी पावसाळ्यापूर्वी होणे अत्यावश्यक आहे.

कारणे : पुराच्या पाण्याखाली दडलेली कुंपणे, भिंती आणि द्राक्षबागांचे लोखंडी अँगल तळाला भोक पाडतात. खडकाळ काठावर होडी ओढल्याने कणा झिजतो. दोन दगडांवर वर्षानुवर्षे टेकवून ठेवलेला तळ तेवढ्याच जागी दबतो आणि आतल्या फासळ्या सुटतात. जेलकोटमधून हळूहळू झिरपलेले पाणी थरांत साचले, की फोड येतात. ते फोडल्यास आंबूस वासाचा द्रव निघतो. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून मागच्या फळीतील प्लायवूड कुजते.

तपासणी : होडी उलटी करून, धुऊन, पूर्ण वाळवावी. लहान हातोडीने तळ व बाजू ठोकत जावे. घट्ट थर खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द आवाजाची हद्द खडूने आखावी. ती दिसणाऱ्या भेगेपेक्षा बहुधा मोठी निघते. एका बिंदूपासून पसरलेल्या किंवा फासळीलगतच्या समांतर तडा आतल्या हानीची खूण असतात. इंजिन वर-खाली हलवताना मागची फळी लवली, तर ती उघडून पाहावी.

दुरुस्ती : भेगेवर पुट्टी भरून रंग दिल्यास दोष झाकला जातो, ताकद येत नाही. सुटलेला भाग घट्ट थर लागेपर्यंत ग्राइंडरने काढावा. भोकाभोवती जाडीच्या सुमारे 12 पट रुंद उतार घासावा, म्हणजे 6 मिमी जाडीला साधारण 7 सेंमी. नव्या थराला जुन्यावर पकड मिळते ती या रुंदीमुळे. घासण्याआधी मेणचट थर ॲसिटोनने पुसावा, नाहीतर मेण काचेत मुरते. मग मॅट आणि विणलेले कापड आलटून-पालटून बसवून, प्रत्येक थरातली हवा रोलरने काढत मूळ जाडी भरून आणावी. जुन्या, मुरलेल्या पॉलिएस्टरला इपॉक्सी रेझिन अधिक घट्ट धरते. मात्र तिच्यासोबत विणलेले कापड वापरावे, कारण नेहमीच्या मॅटमधील तंतू धरून ठेवणारे चिकटद्रव्य तिच्यात नीट विरघळत नाही. सुटलेल्या फासळ्या पुन्हा तळाशी जोडल्याशिवाय काम पुरे होत नाही.

हवामान व सुरक्षा : मार्च ते मे हा कामाचा काळ. पॉलिएस्टरमध्ये ते घट्ट होण्यासाठी कॅटॅलिस्ट साधारण 1 ते 2 टक्के घालतात. कडक उन्हात प्रमाण कमी ठेवून काम सकाळी उरकावे. पाण्याने ओल्या थरावर किंवा दमट हवेत चढवलेली काच नीट चिकटत नाही. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि कॅटॅलिस्ट कधीही थेट एकत्र करू नयेत. स्फोट होऊ शकतो. काचेच्या धुळीसाठी मास्क, चष्मा व हातमोजे हवेत.

चाचणी : दुरुस्त होडी प्रथम उथळ, संथ पाण्यात रिकामी, नंतर वाळूच्या पोत्यांनी टप्प्याटप्प्याने भरून तपासावी. झिरपा, तळाचे लवणे आणि नव्या तडा पाहाव्यात. कणा मोडला असेल किंवा तळाचा मोठा भाग बद्द वाजत असेल, तर ती होडी माणसांच्या वाहतुकीतून कायमची काढावी. दुरुस्ती उत्तम झाली, तरी मूळ क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त बसवू नये.