चुलवणातली हवा

कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी वसवली आणि पंचगंगेकाठच्या गुळाला हक्काची पेठ मिळाली.

हा गूळ शिजतो त्या गुऱ्हाळाचा जीव चुलवणात, म्हणजे कढईखालच्या भट्टीत. घाण्यातून निघालेल्या उसाच्या चिपाडात जवळपास निम्मे पाणी असते. हे चिपाड उन्हात खडखडीत वाळवायचे आणि चुलवणाच्या तोंडाशी बसलेल्याने थोडे थोडे आत सारायचे. एकदम भारा कोंबला, की वरचे पेटते, आतले नुसते धुमसते आणि धुराड्यातून काळा धूर निघतो. आत धग भरपूर असते, कमी पडतो तो प्राणवायू.

प्रयोगशाळेतही हीच अडचण उभी राहते. पदार्थ तापवत त्याच्या वजनातला बदल टिपणारा तराजू जपानच्या कोटारो होंडा यांनी १९१५ मध्ये मांडला. त्यात चिपाडाचा कोळसा जाळताना नमुन्याची मूस खोल भरली, तर हाती येतो तो हवा झिरपण्याचा वेग, कोळशाच्या रासायनिक क्रियेचा नव्हे. तापमान चढले की घोटाळा वाढतो, कारण रासायनिक क्रिया झपाट्याने वेग घेते, वायूचा शिरकाव मात्र फारसा वाढत नाही. म्हणून नमुना मोजक्या मिलिग्रॅमचा आणि पातळ पसरलेला हवा. नमुना निम्मा केल्यावर दर मिलिग्रॅममागचा वेग बदलला, तर आधीच्या आकड्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

बावड्यातल्या राजाराम साखर कारखान्यात बॉयलरला पंख्यांनी हवा मिळते. गुऱ्हाळात ते काम माणसाच्या अंदाजावर चालत आले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गुळाच्या इतिहासात गुळव्याच्या बरोबरीने चुलवण सांभाळणाऱ्याचेही नाव घेतले पाहिजे.