टिपांचा प्रश्न : चंद्रप्रवासाच्या कथा आणि अद्भुताची सीमा

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांतील भेद सांगताना विज्ञानाचा खरेखोटेपणा हा निकष सामान्यतः पुढे केला जातो. विज्ञानाच्या नियमांत बसते ती विज्ञानकथा, बसत नाही ती अद्भुतकथा, अशी ही विभागणी आहे. ती सोयीची असली तरी इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. चंद्रप्रवासाच्या कथांची परंपरा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. कारण तेथे विषय एकच राहतो, आणि तो वाचकाच्या गळी उतरविण्याची रीत तेवढी बदलत जाते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लूशियनने वावटळीत सापडलेले गलबत चंद्रावर पोहोचविले. मात्र आपण सांगतो ते सारे असत्य आहे, हे त्याने आरंभीच बजावून ठेवले. पुरावा मागण्याचा वाचकाचा हक्क असा पहिल्याच पानावर निकालात निघाला.

योहान्नेस केप्लरच्या ‘सोम्नियम’ अर्थात ‘स्वप्न’ या ग्रंथात स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. चंद्रावरून आकाश कसे दिसेल, हा केप्लरच्या विद्यार्थिदशेतील एका प्रबंधाचा विषय होता. त्याला त्याने १६०९च्या सुमारास कथेचे रूप दिले. नायकाची आई जडीबुटी विकणारी, पिशाचांशी संधान असलेली स्त्री. आणि मानवाला चंद्रावर नेणारे वाहन म्हणजे प्रत्यक्ष एक पिशाच! परंतु हे पिशाच प्रवाशाला गुंगीचे औषध देते, प्रारंभीच्या हिसक्याने अवयव निखळू नयेत म्हणून त्याचे शरीर नीट बेतून ठेवते, आणि हवा विरळ होते तेथे नाकाशी ओला स्पंज धरते. वाहन अद्भुतातले, चिंता मात्र भौतिकीतल्या.

या मिश्रणाची किंमत केप्लरला मोजावी लागली. हस्तलिखित हातोहात फिरले. १६१५मध्ये त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. तिला तुरुंगवास भोगावा लागला. मुलाने तिच्या बचावासाठी स्वतः झटून १६२१मध्ये तिची सुटका करविली, आणि पुढच्याच वर्षी ती वारली. आपल्या कथेने त्या कुजबुजीला खतपाणी घातले, अशी केप्लरची धारणा होती. त्यानंतर त्याने या लहानशा कथेला २२३ टिपा जोडल्या. ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६३४मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ कथेपेक्षा टिपांचा विस्तार कितीतरी मोठा आहे. येथे रूपक आहे, येथे गणित आहे, हे केप्लर त्यांत पुनःपुन्हा सांगतो. अद्भुत आणि विज्ञान यांतील सीमा ही त्याच्यासाठी केवळ वर्गीकरणाची बाब नव्हती.

ज्यूल व्हर्नने १८६५मध्ये ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा या टिपा कथानकाच्याच पोटात गेल्या. तोफेची लांबी ९०० फूट, गोळ्याचा प्रारंभिक वेग सेकंदाला १२,००० यार्ड, धक्का सोसण्यासाठी तळाशी पाण्याचा थर: सारे आकडे संवादांतून आणि सभांच्या वृत्तांतांतून येतात. वस्तुतः ९०० फुटांत एवढा वेग गाठताना प्रवाशांवर येणारा दाब गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून अधिक होईल. त्यातून कोणी जिवंत राहणार नाही. म्हणजे पिशाचावर विसंबणाऱ्या केप्लरने ज्या हिसक्याची धास्ती घेतली, त्याचे गांभीर्य तोफेवर विसंबणाऱ्या व्हर्नला पेलले नाही. तरीही आपण व्हर्नची चूक काढू शकतो, ती त्याने आकडे दिले म्हणूनच. त्याच्या कथेने स्वतःला तपासणीसाठी खुले केले आहे.

एच. जी. वेल्सने १९०१च्या आपल्या चंद्रप्रवासात गुरुत्वाकर्षण अडविणारा ‘कॅव्होराइट’ नावाचा पदार्थ कल्पिला. यावर व्हर्नचा आक्षेप असा, की मी भौतिकीचा उपयोग करतो, हा गृहस्थ नवे पदार्थ निर्माण करतो. तो धातू मला दाखवा. वेल्सने पुढे १९३३मध्ये आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत हा भेद मान्यच केला आणि स्वतःच्या कथांचे नाते लूशियनादिकांच्या अद्भुतकथांशी जोडले. एक अशक्य गोष्ट गृहीत धरावी आणि बाकी सारे नित्याच्या व्यवहारातले ठेवावे, अशी त्याची रीत होती. विज्ञानकथेचा जनक मानला जाणारा लेखक आपले लेखन अद्भुताच्या खात्यावर मांडतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

तर मग भेद कोठे आहे? टिपा असणे वा नसणे हाही निर्णायक निकष नव्हे. टॉल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अखेरीस वंशावळी, कालगणना आणि लिप्या यांची विस्तृत परिशिष्टे आहेतच. त्या जगातील नियमबद्धता कोणत्याही विज्ञानकथेहून उणी नाही. परंतु टॉल्कीनची परिशिष्टे कथेलाच जबाबदार आहेत. केप्लरच्या टिपा कथेबाहेरच्या आकाशाला जबाबदार आहेत. अद्भुतकथा आपल्या सृष्टीशी प्रामाणिक राहिली की पुरे. विज्ञानकथा त्याशिवाय वाचकाच्या आणि आपल्या समाईक जगाला साक्षीस बोलावते, आणि ती साक्ष उलटण्याचा धोकाही पत्करते. रस मात्र दोहोंचा एकच. भरताने विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायिभाव मानला. तो पिशाचाने जागवावा की कृष्णविवराने, याने त्याची जात बदलत नाही.

मराठीपुरते पाहिले तर १९७४ची एक घटना येथे उद्बोधक ठरते. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले, तेव्हा तिचा लेखक नारायण विनायक जगताप या नावाने वावरत होता. ते जयंत विष्णु नारळीकर होते. पुढे नारळीकरांच्या नावामागे त्यांच्या वैज्ञानिक कीर्तीची हमी उभी राहिली. त्या वेळी मात्र कथेला ती हमी नव्हती. तिला आपली साक्ष आपल्याच शब्दांत द्यावी लागली. विज्ञानकथेचे मूल्यमापन करताना तिच्या लेखकाची पदवी किंवा तिच्या भाकितांची फलश्रुती पाहण्यापेक्षा ही साक्ष कथेच्या घाटात कशी मुरली आहे, हे पाहणे अधिक न्याय्य होय. १९६९मध्ये मानव चंद्रावर उतरला, तो ना तोफेतून ना पिशाचाच्या साहाय्याने. पण त्यामुळे व्हर्न बाद झाला नाही, की केप्लर.