हिमनद्यांचा पुरावा आणि हवामानाचा इतिहास : इग्नाझ व्हेनेट्स यांचा १८२१ चा निबंध

हिमयुगाच्या कल्पनेचा इतिहास सांगताना बहुतेक पाठ्यपुस्तके लुई अगासी यांच्यापासून आरंभ करतात. २४ जुलै १८३७ रोजी न्युशातेल येथे स्विस निसर्गविज्ञान संस्थेच्या अधिवेशनात त्यांनी अध्यक्ष या नात्याने केलेले भाषण आणि १८४० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ, हे दोन टप्पे सांगितले की प्रकरण पुढे सरकते. अगासी यांची योग्यता कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु पृथ्वीचे हवामान पूर्वी वेगळे होते आणि ते बदलत आले आहे, ही गोष्ट हिमनद्यांच्या पुराव्याने प्रथम पद्धतशीरपणे मांडली ती वाले या डोंगराळ प्रांताच्या सरकारी नोकरीत असलेल्या एका अभियंत्याने. आणि त्याच्या पुराव्यात दगडांच्या बरोबरीने जुन्या वाटा, गावकऱ्यांच्या आठवणी आणि दप्तरातील कागद यांनाही स्थान होते. इतिहासाच्या अभ्यासकास हा भाग विशेष विचार करण्याजोगा वाटेल. विज्ञानाच्या इतिहासकारांनी मात्र त्याकडे बेताचेच लक्ष दिले आहे.

इग्नाझ व्हेनेट्स यांचा जन्म १७८८ सालचा. त्यांचे शिक्षण व नोकरी पूल, रस्ते आणि नद्यांचे बांध यांच्याशी निगडित होती; भूविज्ञान हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्यांच्या संशोधनाचे निमित्त समजण्यासाठी १८१६ या वर्षाकडे वळले पाहिजे. त्या वर्षी पश्चिम युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिके बुडाली, धान्याचे भाव भडकले आणि पुढील वर्षापर्यंत दुष्काळाचे हाल चालू राहिले. एप्रिल १८१५ मध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा जो प्रचंड उद्रेक झाला त्याच्याशी या थंडीचा संबंध आहे, हे विसाव्या शतकात उलगडले. तत्कालीन लोकांस दिसत होते ते एवढेच, की उंचावरील कुरणांवर बर्फ टिकून राहते आणि हिमनद्यांची तोंडे वर्षानुवर्षे खाली सरकत आहेत. आल्प्स पर्वत कायमचाच थंड होत चालला आहे काय, अशी शंका अनेकांच्या मनात होती. १८१५ साली स्थापन झालेल्या स्विस निसर्गविज्ञान संस्थेने १८१७ मध्ये हाच प्रश्न पारितोषिकाच्या निबंधासाठी जाहीर केला. प्रश्न भीतीतून निर्माण झाला होता आणि त्याचा रोख वर्तमानाकडे होता, हे ध्यानात ठेवावे.

निबंध पूर्ण होण्यापूर्वीच व्हेनेट्स यांना हिमनदीचा अनुभव अत्यंत कठोर रीतीने आला. बान्य खोऱ्यात मोव्हाझँजवळ जिएत्रो हिमनदीचे तोंड एका उंच कड्याच्या माथ्यावर होते. तेथून तुटलेले बर्फ खालच्या अरुंद घळीत पडून साचत गेले आणि द्रांस नदीचा मार्ग बंद झाला. १८१८ च्या वसंतात या बर्फाच्या बांधामागे काही किलोमीटर लांबीचे सरोवर तयार झाले. हे भय नवे नव्हते. १५९५ मध्ये याच ठिकाणी असा बांध फुटून सुमारे १४० माणसे मेल्याची नोंद होती. प्रांताने व्हेनेट्स यांना पाठविले. त्यांनी पाण्याच्या चढत्या पातळीचा अंदाज बांधून बर्फातून सुमारे ६०० फूट लांबीचा बोगदा खणावयास घेतला. वरून बर्फाचे कडे कोसळत असताना मजूर आळीपाळीने रात्रंदिवस खपत होते. १३ जूनला बोगद्यातून पाणी वाहू लागले, आणि वाहत्या पाण्याने बोगद्याचा तळ कापला जाऊन सरोवर उतरू लागले. योजना यशस्वी होत होती. परंतु १६ जूनच्या दुपारी बांधाने दम सोडला आणि उरलेले पाणी सुमारे अर्ध्या तासात खोऱ्यातून मार्तिन्यीच्या दिशेने सुटले. सुमारे ४० माणसे दगावली, शेकडो इमारती वाहून गेल्या. बोगदा नसता तर पुराचे पाणी कितीतरी अधिक असते, हे मान्य झाले आहे. पुढील काही वर्षे हा बर्फाचा ढीग पुन्हा नदी अडवू नये म्हणून त्यावर पाण्याचे पाट सोडून तो कापून काढण्याची युक्तीही व्हेनेट्स यांनीच योजिली.

याच खोऱ्यात लूर्तिए नावाचे गाव आहे. तेथील ज्यां-पिएर पेरोदँ हा सुतारकाम करणारा आणि पहाडी हरणांची शिकार करणारा गृहस्थ. १८१५ मध्ये बेक्स येथील मिठाच्या खाणींचे संचालक झां द शार्पांतिए हे हिमनद्या पाहून परतताना त्याच्या झोपडीत एक रात्र राहिले. बोलता बोलता पेरोदँने सांगितले की, पूर्वी येथील हिमनदी मार्तिन्यीपर्यंत पसरलेली असली पाहिजे. त्या गावाभोवती पडलेले धोंडे इतके मोठे आहेत की पाण्याला ते वाहून आणणे शक्य नाही. शार्पांतिए यांना ही कल्पना विचार करण्याच्याही लायकीची वाटली नाही. ही हकीकत आपणांस ठाऊक आहे ती त्यांनीच १८४१ च्या आपल्या ग्रंथात ती प्रांजळपणे नमूद केली म्हणून. पेरोदँने हीच गोष्ट व्हेनेट्स यांनाही सांगितली. जन्मापासून याच डोंगरांत वावरलेल्या त्या अभियंत्याने ती झिडकारली नाही, मात्र तिचा लगेच स्वीकारही केला नाही.

१८२१ मध्ये लिहिलेल्या निबंधाचा विषय स्विस आल्प्समधील तपमानाचे चढउतार हा आहे. त्याची रचना अभियंत्याच्या टिपणवहीसारखी. स्थळामागून स्थळ आणि नोंदीमागून नोंद. भाषेचा फुलोरा नाही. परंतु या नोंदींची जी विभागणी केली आहे तिच्यातच निबंधाचे सारे महत्त्व आहे. एका बाजूस, अलीकडच्या शतकांत हिमनद्या वाढल्या आहेत असे दाखविणारी प्रमाणे येतात. पूर्वी माणसे व जनावरे ज्या खिंडींतून ये-जा करीत त्यांपैकी काही बर्फाने बुजल्या आहेत; जेथे पूर्वी रस्ता होता तेथे आता हिम आहे; जेथे जंगल वा कुरण असल्याचा दाखला मिळतो ती जागा आता ओसाड आहे. हे सर्व पुरावे मानवी स्मृतीच्या आणि लिखाणाच्या कक्षेतील आहेत. दुसऱ्या बाजूस, हिमनद्या मागे हटल्याची प्रमाणे येतात. हिमनदी आपल्या पाठीवरून व कडांवरून दगडमाती वाहून आणते आणि तोंडाशी व बाजूंना तिचे बांधासारखे ढीग रचते. यांस आपण हिमोढ म्हणतो. असे हिमोढ आजच्या हिमनद्यांपासून दूर, खोऱ्यात खाली, झाडीने झाकलेले आढळतात. पाणी दगडमाती पसरते, असे आखीव बांध घालीत नाही. तेव्हा जेथे हिमोढ आहे तेथे कधी काळी हिमनदीची कड होती, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

पारितोषिकाचा प्रश्न पाहता पहिल्या प्रकारचा पुरावा पुरेसा होता. तेवढ्यावर थांबून ‘होय, आल्प्स थंड होत आहे’ असे उत्तर देता आले असते, आणि ते विचारणाऱ्यांच्या अपेक्षेशी जुळलेही असते. व्हेनेट्स यांनी दोन्ही बाजू ठेवल्या आणि निष्कर्ष काढला तो असा, की तपमान कालांतराने चढते व उतरते, परंतु त्याला ठराविक नियम दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका वाक्यात हवामानाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. हवामान ही प्रदेशाची स्थिर प्रकृती न राहता तिला इतिहास प्राप्त झाला. निबंधात उणिवाही आहेत. हिमोढांचा काळ ठरविण्याचे कोणतेच साधन त्या वेळी नव्हते. तोंडी परंपरा आणि लेखी दाखला यांचे वजन सर्वत्र वेगवेगळे केलेले नाही. आणि हिमनदीची वाढ थंडीमुळे किती व हिमवृष्टीमुळे किती, हा प्रश्न तर अस्पर्शितच राहिला आहे.

निबंधास संस्थेचे पारितोषिक मिळाले, पण तो छापला गेला १८३३ मध्ये, म्हणजे लिहिल्यानंतर १२ वर्षांनी. मधल्या काळात लेखक मात्र स्वस्थ बसला नव्हता. १८२९ मध्ये ग्रेट सेंट बर्नार्डच्या खिंडीतील धर्मशाळेत संस्थेचे अधिवेशन भरले असता व्हेनेट्स यांनी याहून पुष्कळ पुढचे विधान केले. आल्प्सच्या हिमनद्या एके काळी जुरा पर्वतापर्यंत पोहोचल्या होत्या आणि उत्तर युरोपातील परके धोंडेही बर्फानेच आणले आहेत, असे त्यांनी सांगितले. श्रोत्यांनी ते मानले नाही. शार्पांतिए यांनी मात्र आपल्या मित्राची चूक दाखवून देण्यासाठी तपास सुरू केला आणि तपासाअंती त्यांचेच मत पालटले. १८३४ मध्ये ल्युसर्नच्या अधिवेशनास जाताना वाटेत त्यांना एक लाकूडतोड्या भेटला. रस्त्याकडेच्या ग्रॅनाइटच्या धोंड्याविषयी विचारता तो सहज म्हणाला की, हा ग्रिमसेलहून आला, तिकडची हिमनदी पूर्वी बर्नपर्यंत होती. जे ऐकण्यास विद्वत्सभा तयार नव्हती ते डोंगरातील माणसांस ठाऊक होते. पेरोदँचा प्रसंग शार्पांतिए यांना त्या क्षणी आठवला नसेल असे वाटत नाही.

१८३६ च्या उन्हाळ्यात अगासी बेक्स येथे येऊन राहिले. तेही खंडन करण्याच्या हेतूने आले आणि अनुयायी होऊन गेले. पुढे त्यांनी जे केले त्यात वेग होता, वक्तृत्व होते आणि धाडसही होते. मित्र कार्ल शिम्पर यांनी बनविलेला ‘हिमयुग’ या अर्थाचा जर्मन शब्द त्यांच्यामुळे रूढ झाला. परंतु साऱ्या उत्तर गोलार्धावर एकदम बर्फाचे कवच पसरले आणि त्याखाली जीवसृष्टी नष्ट झाली, ही त्यांची कल्पना व्हेनेट्स यांच्या सावध नोंदींपासून बरीच दूर गेलेली होती. १८४० चा ग्रंथ त्यांनी व्हेनेट्स व शार्पांतिए यांना अर्पण केला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. तथापि तो शार्पांतिए यांच्या ग्रंथाच्या काही महिने आधी बाहेर आला आणि ज्येष्ठ संशोधकाचे परिश्रम झाकोळले. श्रेयाच्या या वादात व्हेनेट्स यांचे नाव बहुधा तिसऱ्या क्रमांकावर येते. ते १८५९ मध्ये निवर्तले. जुन्या हिमनद्यांच्या विस्तारावरील त्यांचा शेवटचा निबंध १८६१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

आजच्या ज्ञानाच्या आधारे पाहता व्हेनेट्स यांचा पहिल्या प्रकारचा पुरावाही खरा होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्समधील हिमनद्या वाढलेल्या अवस्थेत होत्या, आणि १८५० च्या सुमारास पुन्हा एकदा कमाल मर्यादेस पोहोचून त्या मागे हटू लागल्या. या काळास आता लघु हिमयुग म्हणतात. इमान्युएल ल रॉय लादुरी यांनी १९६७ मध्ये गेल्या हजार वर्षांच्या हवामानाचा इतिहास लिहिला तेव्हा द्राक्षतोडणीच्या तारखा आणि हिमनद्यांविषयीचे जुने कागद यांवरच भिस्त ठेवली. कागदपत्रे आणि बर्फ यांची सांगड घालण्याची ही रीत व्हेनेट्स यांनी दीड शतकापूर्वी वापरली होती.

मोव्हाझँ येथे १९५० च्या दशकात मोठे धरण बांधले गेले. ज्या घळीत बर्फाने नदी अडविली होती तेथे आता मनुष्याने अडविलेले पाणी आहे. जिएत्रो हिमनदी कड्यावरून मागे गेली आहे. आणि धरण झाल्यापासून तिच्या हालचाली मोजल्या जातात, कारण मोठा तुकडा जलाशयात पडला तर काय होईल याची चिंता अभियंत्यांना होती. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत आपल्या आकारमानाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. २८ मे २०२५ रोजी त्याच वाले प्रांतात डोंगराचा भाग ढासळून त्याच्या भाराने बर्च हिमनदी कोसळली व ब्लाटेन गाव बहुतांशी गाडले गेले. लोन्झा नदी अडून तिच्या पाण्याचे सरोवर साचले. गावातील सुमारे ३०० रहिवाशांना मात्र काही दिवस आधीच हलविण्यात आले होते, कारण वरील डोंगर व हिमनदी यांच्यावर पाळत होती.