माझगावच्या धक्क्यावरील कोळीण व तिचा व्यापार

माझगाव म्हटले की कोणासही प्रथम गोदी आठवते. 1774 साली येथे लहानशी सुकी गोदी बांधली गेली, 1934 साली तिची कंपनी झाली व 1960 साली ती सरकारने आपल्या ताब्यात घेतली, हा वृत्तांत सर्वत्र छापलेला आढळतो. परंतु त्या गोदीच्याही पूर्वीपासून ज्या स्त्रिया या किनाऱ्यावर व्यापार करीत आल्या, त्यांची दखल इतिहासकारांनी क्वचितच घेतली आहे.

ज्ञातिबांधव व भगिनी जाणतातच की, आपल्यात पुरुषाने दर्यावर जावे आणि स्त्रीने मासळी विकावी, ही वाटणी पूर्वापार आहे. होडी किनाऱ्यास लागली की पुढचा कारभार तिचा. मासळी निवडणे, भाव ठरविणे, उधारी देणे व ती वसूल करणे, घरचा पैसा राखणे हे सारे तीच करी. याला नवऱ्यास लावलेला हातभार म्हणणे अन्यायाचे आहे. नफातोट्याची जोखीम पत्करून केलेला हा व्यापारच होय. बर्फ दुर्मीळ होते त्या काळी ऊन चढण्यापूर्वी पाटी रिकामी झाली नाही, तर भांडवलच नासले! उरलेल्या मासळीला मीठ लावून ती वाळविणे, एवढाच तिचा विमा.

पुढे 1873 साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला. भराव पडत गेले, तसतशी होड्या ओढण्याची व बोंबील वाळविण्याची मोकळी जागा आकसली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचे नाव धक्क्यास लाभले, हे उचितच; पण तेथे पहाटे लिलावास उभी राहणारी बाई मात्र अनामिकच राहिली.

खरा आघात स्वातंत्र्योत्तर काळातला. यांत्रिक नौका आल्या, ट्रॉलर आले, मासळी वाढली. परंतु ती घरच्या पाटीत न पडता लिलावात गेली आणि कोळंबीला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. जी कोळीण घरचा माल विकीत होती, तिला तोच माल आता मोठ्या व्यापाऱ्याशी चढाओढ करून रोखीने विकत घ्यावा लागू लागला. ही रोकड पहाटेपूर्वी कोठून आणावी? अंगावरील सोने गहाण पडे ते येथे. त्यातच जून-जुलैची मासेमारीबंदी. त्या दिवसांत सुक्या मासळीवर जेमतेम निभावते.

2021 साली पालिकेने क्रॉफर्ड मार्केटजवळील जीर्ण शिवाजी मंडई बंद करून तेथील घाऊक व्यापार ऐरोलीस हलविण्याचे योजिले, तेव्हा कोळिणी रस्त्यावर आल्या. काहींना तो हट्ट वाटला. वास्तविक तो हिशेब होता: घाऊक बाजार दूर गेला की वाहतुकीचा खर्च वाढतो, विक्रीची वेळ वाटेतच सरते, आणि गिरगाव-परळच्या घरांतील पिढीजात गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते.