मार्जोरी आणि आमचा बोका

मुंग्यांनी सांगितले नसते, तर आमच्या भुऱ्याचा आजार आम्हांला आणखी महिनाभर तरी कळला नसता.

भुऱ्या म्हणजे आमचा बोका. वय वर्षे नऊ, वजन एकेकाळी सहा किलो, आणि रुबाब एखाद्या वतनदाराचा. भीमेकाठच्या वडगाव रासाईत आमचे घर. चहूकडे ऊस, पलीकडे दौंड तालुक्याच्या बाजूला गुऱ्हाळांचा धूर. अशा गावात उंदरांना तोटा नाही. परंतु भुऱ्याने उंदीर धरणे केव्हाच सोडले होते. दूधपोळी, दूधभाकरी आणि मुलांच्या हातची बिस्किटे यांवर त्याचे उत्तम चालले होते. मागल्या उन्हाळ्यात मात्र तो दगडी डोणीवर जाऊन गुरासारखा पाणी पिऊ लागला. खाणे वाढले आणि अंग उतरू लागले. पाठीवरून हात फिरवावा तर मणके मोजता यावेत. पुढे पुढे तर तो मागच्या पायांच्या टाचा टेकवून, म्हाताऱ्यासारखा चालू लागला. आम्ही म्हणालो, वय झाले.

एके सकाळी आईने मला मोरीत बोलावले. भुऱ्याने कोपऱ्यात घाण केली होती आणि तिच्याभोवती मुंग्यांचे रिंगण धरलेले होते.

"अरे, मामंजींच्या मोरीत अशाच मुंग्या लागायच्या," आई म्हणाली. मामंजी म्हणजे माझे आजोबा. त्यांना मधुमेह होता.

आईने जे निदान केले, ते आपल्या वैद्यांनी फार प्राचीन काळी करून ठेवले आहे. लघवीला मुंग्या लागतात ही खूण त्यांनी नोंदविली आणि रोगाला नाव दिले ते मधुमेह. सुश्रुताने तर त्याचे दोन प्रकारही सांगितले : एक जन्मतः आलेला, ज्यात माणूस कृश असतो, आणि दुसरा अपथ्याने, म्हणजे खाण्यापिण्याच्या अतिरेकाने जडलेला, ज्यात तो बहुधा स्थूल असतो. युरोपात थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने लघवीच्या गोडीविषयी लिहिले ते १६७४ साली, आणि ती गोडी साखरेचीच आहे हे मॅथ्यू डॉब्सनने दाखविले ते १७७६ साली. आमचा भुऱ्या सुश्रुताच्या दुसऱ्या वर्गातला, हे मला पुण्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर समजले.

पुण्याला त्याला टोपलीत घालून नेले, तेव्हा शाळेतले सोबती हसले. "मास्तर, उसाच्या गावातला बोका तो! त्याला साखर होणार नाही तर काय होणार?" मीही हसलो. पण डॉक्टर हसले नाहीत. मांजर नुसते घाबरले तरी त्याच्या रक्तातली साखर चढते, म्हणून त्यांनी लघवी तपासली, आधीच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी रक्ताची आणखी एक तपासणी केली आणि मग सांगितले, "मधुमेह आहे. दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी इन्शुलिन द्यावे लागेल. घरीच. तुम्हांलाच."

मी मॅट्रिक झालेला माणूस. विज्ञान सुटले ते सुटलेच. परंतु रोज दोन वेळा ज्या औषधाची सुई एका मुक्या जिवाला टोचायची, ते औषध आले कोठून, हे जाणून घेतल्यावाचून माझ्याने राहवेना. मग वाचत गेलो. ती हकीकत वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. १८६९ साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला तिच्यात पेशींचे निराळे पुंजके दिसले; जणू समुद्रातली बेटेच. त्यांचे काम काय, ते त्याला उमगले नव्हते. आमच्या शिरूर तालुक्यात 'बेट भाग' आहे. तिथल्या माणसाला बेट म्हटले की नदीने वेढलेली जमीन आठवते. शरीरातही अशी बेटे असावीत, याची मला मोठी मौज वाटली. पुढे १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. तेव्हा कळले की या ग्रंथीत असे काही तरी आहे, जे साखरेला आवरून धरते. त्या अज्ञात द्रव्याला बेटांवरूनच नाव मिळाले : लॅटिनमध्ये 'इन्सुला' म्हणजे बेट, त्यावरून इन्शुलिन.

नाव मिळाले, पण वस्तू हाती येईना. तोवर मधुमेही मुलांना एकच उपचार उरला होता, उपासमार. अमेरिकेत डॉ. ॲलन यांनी तो शास्त्रशुद्ध केला : अन्न इतके तोडायचे की साखर चढूच नये. पोरे हाडांचे सापळे होऊन काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षे जगत. आईबापांनी आपल्या हाताने मुलाचे ताट मागे ओढायचे, हा त्या काळचा औषधोपचार!

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग नावाचा एक तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट नावाचा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढायचे आणि दुसऱ्याच्या स्वादुपिंडाचा अर्क त्याला टोचायचा, असे ते प्रयोग होते. कित्येक कुत्री त्यात मेली. त्यांतली एक कुत्री मात्र स्वादुपिंडावाचून सुमारे ७० दिवस जगली. तिचे नाव होते मार्जोरी. मराठी मास्तराला या नावात मार्जार ऐकू आला तर नवल नाही. पण होती ती कुत्रीच.

पुढे जेम्स कॉलिप हा रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या, मरणाच्या दारी पोहोचलेल्या मुलाला अर्क टोचला गेला. तो अशुद्ध होता; गुण थोडा आणि त्रासच अधिक झाला. कॉलिपने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचला. मुलाची साखर उतरली. तो आणखी १३ वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगने आपली रक्कम बेस्टबरोबर आणि मॅक्लिऑडने कॉलिपबरोबर वाटून घेतली. या औषधाचे पेटंट तर बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले.

इतिहासाच्या पुस्तकात गोष्ट येथे संपते. मला वाटते, खरी गोष्ट येथे सुरू होते. कारण इन्शुलिनने मधुमेह बरा होत नाही. तो आवरला जातो, आणि तोही रोजच्या रोज. प्रयोगशाळेतल्या चौघांचे काम संपले आणि ते घराघरांतल्या माणसांच्या अंगावर येऊन पडले. बोस्टनचे डॉ. जोस्लिन यांनी हे फार लवकर ओळखले. रोग्याने आणि त्याच्या घरच्यांनी सुई टोचणे, लघवी तपासणे, अन्न मोजणे शिकलेच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला आणि त्यासाठी वर्ग चालविले. डॉक्टर झाले मास्तर, आणि घर झाले दवाखाना.

असा एक दवाखाना मी लहानपणी पाहिला आहे. आमची आजी काचेची सिरिंज आणि सुया पितळी पातेलीत उकळी. पोलादी सुई बोथट झाली की दगडावर घाशी. घरात फ्रीज नव्हता. इन्शुलिनची बाटली ती ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात जपून ठेवी. कळत्या वयात मला तिच्या एका गोष्टीचे कोडे पडे : औषध भरण्यापूर्वी ती बाटलीला हात जोडी. मी एकदा विचारले, "आजी, यात देव आहे का?"

"देव नाही. गाय आहे," ती म्हणाली.

ती तुळशीची माळ घातलेली वारकरी बाई. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले होते की हे औषध कत्तलखान्यातल्या जनावरांच्या ग्रंथींतून काढतात. त्या रात्री ती जेवली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने पातेली चुलीवर ठेवली. नवऱ्याचा जीव आणि आपले व्रत यांतले एक तिने निवडले, आणि दुसऱ्याची क्षमा ती रोज हात जोडून मागत राहिली. आजोबा त्या हातांवर अकरा वर्षे जगले.

भुऱ्याची पहिली सुई मी टोचली तेव्हा माझे हात कापत होते. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, तिच्या पायथ्याशी सुई सरकवायची आणि औषध सोडायचे. बोका ताटलीत तोंड घालून बसलेला असतो. त्याला पत्ताही लागत नाही. आधी खाणे आणि मग सुई, हा नियम. तो जेवला नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचे नाही. कानाच्या कडेवर बारीक टोचून निघालेल्या थेंबावरून ग्लुकोमीटर साखर सांगतो.

अवघड गेले ते पथ्य. मांजर हा जातिवंत मांसाहारी प्राणी. पोळी-भाकरी-बिस्किटे हेच त्याचे अपथ्य. डॉक्टरांनी कोंबडीचे शिजवलेले मांस आणि मांजरासाठी मिळणारे कमी पिठाचे डबाबंद अन्न सांगितले, आणि बजावले की आहार बदलला की साखर उतरते, म्हणून सुईचे मापही पाहत राहावे लागते. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिनेच परसात तीन विटा मांडल्या, एक जुने भगुले काढून दिले आणि म्हणाली, "ते भांडे घरात आणू नकोस. आणि त्याला वेळेवर घाल."

मग माझ्या हातून ती चूक झाली.

इन्शुलिनचे माप 'युनिट' हे ससे उपाशी ठेवून, त्यांची साखर किती उतरते ते पाहून ठरविले गेले. सुरुवातीच्या बाटल्या एका मिलिलिटरला १० व २० युनिटांच्या असत. मग ४० व ८० च्या आल्या. पुढे पाश्चात्त्य देशांनी १०० चे एकच माप धरले. आपल्याकडे मात्र ४० आणि १०० ही दोन्ही चालतात; ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० चे नारिंगी. भुऱ्याचे औषध १०० चे. एकदा सिरिंजा संपल्या म्हणून मी घाईत दुसऱ्या आणल्या आणि टोपण पाहिलेच नाही. लाल सिरिंजची एक रेघ म्हणजे या औषधाची अडीच युनिटे!

त्या रात्री नऊच्या सुमारास भुऱ्या भिंतीला धडकत चालू लागला आणि कोलमडला. ग्लुकोमीटरवर आकडा आला ३८. डॉक्टर फोनवर म्हणाले, "तोंडात ओतू नका, गुदमरेल. ग्लुकोज पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा, आणि निघा." ज्या गोडापासून आम्ही त्याला तीन महिने दूर ठेवले, तेच मी बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळीत होतो, आणि आई मागे उभी राहून रामरक्षा म्हणत होती. पुण्याच्या वाटेवर, पहाटेपूर्वी केव्हातरी, त्याने माझ्या बोटाला चावा घेतला. इतका गोड चावा मला आयुष्यात कोणी घेतला नाही.

आता प्रत्येक सिरिंजचे टोपण दोघे पाहतात. आधी मी, मग आई. चष्मा लावून ती म्हणते, "नारिंगी," आणि मगच मी औषध भरतो.

एक दिवस तिने विचारले, "हे औषधसुद्धा गाईचेच का रे?"

मी सांगितले, नाही. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्शुलिनची कृती जिवाणूंना शिकविली, आणि १९८२ पासून तसले औषध बाजारात आले. भुऱ्याचे औषध त्याच घराण्यातले, थोडा बदल केलेले. आता त्यासाठी जनावर मारावे लागत नाही. गंमत अशी, की मांजराचे स्वतःचे इन्शुलिन गाईच्या इन्शुलिनाहून अवघ्या एका दुव्याने वेगळे असते. माणसाच्या इन्शुलिनाशी त्याचा चार दुव्यांचा फरक.

"मग आता हात कुणाला जोडायचे?" आईने विचारले. मी तिला मार्जोरीची गोष्ट सांगितली. ती काहीच बोलली नाही.

काही मांजरांचे इन्शुलिन पुढे सुटते, काहींचे जन्मभर सुटत नाही. भुऱ्याचे सुटलेले नाही. मात्र तो पुन्हा टाचा उचलून चालतो, आणि परवा चक्क उंदीर धरून त्याने माझ्या वह्यांवर आणून ठेवला.

गेल्या वसुबारसेला संध्याकाळी आईने शेजारच्या गाय-वासराची पूजा केली. ओवाळून परत आल्यावर तिने उंबऱ्याशी पणत्या लावल्या आणि एक पणती निराळी, परसात, त्या तीन विटांजवळ नेऊन ठेवली.

"ही कुणाची?" मी विचारले.

"त्या तुझ्या कुत्रीची. मला मेलीचे नाव लक्षात राहत नाही," आई म्हणाली, आणि घड्याळाकडे पाहून तिने हाक मारली, "सहा वाजले. आण ती नारिंगी."